पोळपाटाचे तीन पाय : घरच्या लाकूडकामाच्या नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवरून वाहत आहे आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या घरात आठ दिवस कपडे वाळलेले नाहीत. लाकूडकाम सुरू करण्यासाठी ही वेळ योग्य नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सुट्टीचे दोन दिवस हाती असल्याने सुरुवात करत आहे. घरच्या स्वयंपाकाला लागणाऱ्या काही साध्या लाकडी वस्तू, म्हणजे एक पोळपाट, एक-दोन चाटू आणि चटणीच्या बरणीसाठी चमचा, हाताच्या अवजारांनी घरीच करायच्या, एवढाच बेत आहे.

पोळपाटाची गरज खरी आहे. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, जुना पोळपाट वर्षानुवर्षांच्या लाटण्याने आणि घासण्याने मधोमध खोलगट झाला आहे. त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली की मध्ये जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उजेड दिसतो. त्यामुळे पोळी काठाला पातळ आणि मधे जाड राहते, आणि तव्यावर काठ करपेपर्यंत मधला भाग कच्चाच असतो. नवा पोळपाट बाजारात कुठेही मिळेल. परंतु माळ्यावर या घराच्या जुन्या बांधकामातून निघालेले सागवान पडून आहे आणि त्याचा असा उपयोग व्हावा, ही आत्यांचीही इच्छा आहे.

माळ्यावरचा माल आज खाली उतरवला. दाराच्या चौकटीचे तुकडे पाहताक्षणीच बाजूला ठेवले. त्यांवर जुन्या तैलरंगाचे थर आहेत, आणि अशा रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे त्या लाकडाचा अन्नाशी संबंध येऊ द्यायचा नाही. शिवाय भिंतीत गेलेल्या टोकांना डांबर फासलेले आहे. वाळवीचे औषध मारलेले लाकूडही याच कारणाने वर्ज्य. उरली ती माळ्याच्या तक्तपोशीची एक फळी : पाच फूट लांब, एक फुटाहून थोडी कमी रुंद, नऊ सूत जाड, कधीही रंग न लागलेली. लोहचुंबक फिरवून तीन मोडके खिळे शोधून काढले.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

लाकूड जुने आहे म्हणून ते कोरडे आहे, असे मी गृहीत धरले होते. आज ते तपासून पाहिले. फळीच्या टोकाचा पहिला इंच सोडून आतला एक तुकडा कापला, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलला आणि ओव्हनमध्ये साधारण १०५ अंशांवर, सलग दोन वजने सारखी येईपर्यंत ठेवला. सुरुवातीचे वजन ५८ ग्रॅम होते आणि शेवटचे ५१ ग्रॅम. गेलेल्या पाण्याच्या वजनाला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागायचे असते, म्हणून ७ भागिले ५१, म्हणजे जवळजवळ १४ टक्के ओलावा. कित्येक वर्षे माळ्यावर पडलेल्या सागवानातही एवढे पाणी आहे, याचे कारण ते हवेतून आले आहे. लाकूड एकदा वाळले की कायमचे वाळले असे होत नाही. भोवतालची हवा दमट झाली की ते ओलावा घेते आणि हवा कोरडी झाली की सोडते.

टिंबर मार्केटमधून आंब्याची एक फळीही आणली होती, भाजी चिरण्याच्या पाटासाठी. तिचा तुकडा ६२ ग्रॅमचा ४८ ग्रॅम झाला, म्हणजे २९ टक्के. ही फळी अजून ओलीच म्हणायची. तिच्या दोन्ही टोकांना मेण लावले, कारण टोकाकडून पाणी सर्वांत लवकर निघते आणि तिथेच आधी चिरा पडतात. खाली समान जाडीच्या चिपा घालून ती जिन्याखाली आडवी ठेवली आहे. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला साधारण वर्ष लागते, असे धरून चालले आहे.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पोळपाट कापला. फळीला आधी रंधा मारून ती सात सूत जाडीवर आणली. सागवानात वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो आणि तो पात्याची धार झपाट्याने खातो, हे वाचून माहीत होते. प्रत्यक्षात अर्ध्या फुटासाठी दोनदा पाते दगडावर घासावे लागले. सागवानाच्या भुशाने नाक चुरचुरते आणि काहींच्या अंगावर पुरळही उठते, म्हणून तोंडाला मास्क लावूनच काम केले.

गोल कापण्यासाठी माझ्याकडे यंत्र नाही. खालच्या बाजूला दोरी आणि खिळ्याने २८० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढले, साध्या करवतीने आधी त्याचा अष्टकोन केला, मग सोळा कोन केले आणि उरलेले कोपरे कानशीने खाल्ले. या पद्धतीला अडीच तास लागले, पण करवत कुठेही वर्तुळाच्या आत घुसली नाही. यजमान शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या बारा इंची व्हर्निअरने मापे घेतली. रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने व्यास २८०.० आणि रेषांना आडवा व्यास २८०.०. 

फळी उरली होती, म्हणून तिच्यातून आणखी एक पट्टी, रेषांना आडवी बरोबर २८० मिलिमीटर भरेल अशी, कापून फडताळावर मोकळी ठेवली. ही पट्टी कशालाही जोडायची नाही. ती फक्त दर महिन्याला मोजायची आहे.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

पायांऐवजी पोळपाटाच्या पोटाला दोन आडव्या पट्ट्या लावल्या. आत्यांच्या पोळपाटाला तीन सुटे पाय आहेत. ते करायला वेळ लागतो आणि ते सुटण्याची भीती वाटते. उलट रेषांना आडव्या अशा दोन पट्ट्या डिंक आणि प्रत्येकी चार स्क्रूंनी घट्ट बसवल्या, तर पोळपाट वाकणार नाही, असा माझा हिशेब आहे.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

चाटूचे काम. वैभववाडीकडच्या नातेवाइकांनी गगनबावड्याच्या घाटातून येताना फणसाच्या लाकडाचा एक ओंडका आणला होता. चाटूसाठी लाकूड करवतीने कापण्याऐवजी कोयत्याने फोडायचे ठरवले आणि तो निर्णय योग्य ठरला. फोडलेले लाकूड स्वतःच्या तंतूंना धरून सुटते, त्यामुळे दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तंतू अखंड राहतात. करवत मात्र सरळ रेघ पाहते, तंतू पाहत नाही; तंतू तिरके कापले गेले तर घट्ट पिठले हलवताना दांडा नेमका तिथेच मोडतो. फोडलेली फाक चाकूने आणि कानशीने उतरवली, पात्याची एक कड पातेल्याच्या बुडाला लागेल अशी तिरकी ठेवली आणि पाते टोकाकडे दीड सुतापर्यंत पातळ केले.

फणसाचे लाकूड पिवळे असते आणि त्याचा रंग पाण्यात उतरतो. त्याच्या गाभ्यापासून कापड रंगवण्याचा रंगही करतात. एक ढलपी दहा मिनिटे उकळली, तर पाणी चहासारखे नाही, पण हळदीच्या पाण्याइतके पिवळे झाले. चाटू दोनदा पाणी बदलून उकळला. पिठले आणि झुणका यांना तो चालेल. खिरीला आणि दुधाला वापरायचा नाही, असे आत्यांना सांगितले आहे.

लाकडाला पाणी लागले की तंतू उभे राहतात आणि गुळगुळीत केलेला पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होतो. म्हणून १८० नंबरच्या पॉलिश पेपरनंतर चाटू मुद्दाम पाण्यात बुडवला, पूर्ण वाळू दिला आणि मग २२० नंबरने हलक्या हाताने घासला. असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी तंतू उठले नाहीत. ही पायरी कोणीही गाळू नये, कारण ती गाळली की पहिल्याच धुण्यात वस्तू काटेरी लागू लागते.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

तेलांची चाचणी. सागवानाच्या चार तुकड्यांपैकी एकाला घाण्याचे शेंगदाणा तेल, दुसऱ्याला जवसाचे कच्चे तेल, तिसऱ्याला औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण लावले आहे. चौथा तसाच कोरा ठेवला आहे. मिश्रणाचे प्रमाण वजनाने चारास एक आहे आणि ते गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवले, कारण मेण थेट आचेवर ठेवणे धोक्याचे असते. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘उकळलेले’ जवसाचे तेल मी घेतले नाही. ते लवकर वाळावे म्हणून त्यात सहसा धातूंची संयुगे मिसळलेली असतात आणि ते स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी नसते.

एक सावधगिरी इथे लिहून ठेवते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले, तर ती उष्णता आत साठून फडके आपोआप पेटू शकते. माझे फडके मी अंगणातील दोरीवर पसरून वाळवले आणि मगच टाकले.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा काल झाला. पाऊस ओसरू लागला आहे. मोकळी पट्टी आडवी २७९.४ भरली, तर पोळपाट २७९.९. या मापांतील फरकाकडे आज मी फारसे लक्ष दिले नाही. पोळपाट स्थिर आहे, याचेच समाधान वाटले.

जिन्याखालच्या आंब्याच्या फळीखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला आणि फळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोके होती. आंब्याच्या लाकडात पिष्ट भरपूर असते आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यावरच जगतात. कीटकनाशक मारले तर त्या लाकडावर भाजी चिरता येणार नाही. फळी तोडून बंबात घातली. पाट करायचाच तर मटणाच्या दुकानात असतो तसा चिंचेचा तुकडा बघ, असे शेजारच्या सुतारमामांनी सुचवले. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून सुऱ्याच्या घावांनी त्याचे ढलपे सहज उडत नाहीत. ते काम पुढे कधीतरी करेन.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

तेलांचा निकाल. शेंगदाणा तेलाच्या तुकड्याला खवट वास येऊ लागला आहे आणि त्यावर हात फिरवला की बोटे चिकटतात. हे तेल वाळत नाही; ते हवेत नुसते बिघडते. जवसाच्या तेलाचा तुकडा सप्टेंबरच्या दमट हवेत जवळजवळ तीन आठवडे चिकट होता, पण आता त्याचा पृष्ठभाग कोरडा आणि कठीण झाला आहे, रंगही खोल आला आहे. पॅराफिन-मेणाचा तुकडा कधीच कठीण होणार नाही, कारण ते तेल वाळणारे नाही, परंतु ते खवटही होत नाही आणि पाणी त्यावर थेंबांनी उभे राहते.

मग चारही तुकड्यांवर ओल्या कांदा-लसूण चटणीचा एकेक चमचा रात्रभर ठेवला. कोऱ्या तुकड्यात तांबडा डाग एवढा खोल गेला की घासूनही निघाला नाही. जवसाच्या तुकड्यावर तो सर्वांत फिका आहे. यावरून चटणीच्या चमच्याला जवस, आणि चाटूला, ज्याला पुन्हा पुन्हा तेल लावणे सोपे असावे, पॅराफिन-मेण असे ठरवले. पोळपाटाला वरून काहीच लावायचे नाही, असे आत्यांचे मत आहे. कोरड्या पिठाने आणि पोळ्यांच्या तेलानेच तो मुरतो, असे त्या म्हणाल्या आणि मला ते पटते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मोकळी पट्टी २७८.१. पोळपाट २७९.६. दोन्ही एकाच फळीचे, एकाच दिवशी कापलेले, एकाच खोलीत ठेवलेले. तरी पट्टी जवळजवळ दोन मिलिमीटरने आकसली आणि पोळपाट अर्ध्यापेक्षाही कमी. आज पहिल्यांदा मला या आकड्यांची काळजी वाटली.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी पोळ्या लाटताना पोळपाटाला तडा गेला. आवाज स्पष्ट ऐकू आला. तडा काठापासून आत ११० मिलिमीटर, रेषांना धरून अगदी सरळ, दोन्ही पट्ट्यांवरून गेलेला आहे, आणि काठाशी तो दीड मिलिमीटर रुंद आहे. 

कारण आकड्यांतच होते. लाकूड वाळताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. वर्षवलयांच्या कडेने होणारा आकस हा गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या साधारण दुप्पट असतो. माझ्या पोळपाटाची फळी रेषांना आडवी आकसू पाहत होती. पण तिच्या पोटाला लावलेल्या पट्ट्यांच्या रेषा नेमक्या त्या दिशेने लांब होत्या आणि त्या पट्ट्या आपली लांबी सोडत नव्हत्या. डिंक आणि आठ स्क्रूंनी मी फळीला तिच्या पावसाळ्यातल्या रुंदीवर बांधून ठेवले होते. मोकळी पट्टी आज २७७.३ आहे, म्हणजे तिने २.७ मिलिमीटर सोडले. पोळपाटाला ते सोडायला वाट नव्हती, म्हणून त्याने ती तड्यातून काढली. ऑगस्टमध्ये १४ टक्के ओलावा मी स्वतः मोजला होता. तो उन्हाळ्यापर्यंत कमी होणार, हे त्या नोंदीतच लिहिलेले आहे आणि अकरा दिवसांनी मी पट्ट्या घट्ट आवळल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती फळी या घराची होती.

संध्याकाळी तडकलेला पोळपाट सुतारमामांना दाखवला. त्यांनी आत्यांचा जुना पोळपाट मागवला, दोन्ही पालथे घालून शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “पोरी, ह्याला तीन पाय हायत, आन् पाय एकमेकाला कुठं जोडल्यात? पाट फुगला तर पाय लांब सरकत्यात, आकसला तर जवळ येत्यात.”

मी कितीतरी वर्षे त्या पोळपाटावर पोळ्या लाटल्या आहेत. तीन पाय असतात ते ओबडधोबड फरशीवर डुगडुगू नये म्हणून, कारण तीन टेकू नेहमी एकाच पातळीत येतात, एवढेच मला ठाऊक होते. ते खरेच आहे. पण पाय सुटे आणि लहान असण्याने फळीला वर्षभर रुंद-अरुंद होण्याची मोकळीक मिळते, हे दुसरे कारण मला तोवर दिसले नव्हते. मी ज्या पायांना वेळखाऊ समजून टाळले, त्यांनी तो पोळपाट आत्यांच्या लग्नापासून आजवर अखंड ठेवला आहे. व्हर्निअरने तोही मोजला : रेषांच्या दिशेने २७२.०, आडवा २६९.१. तो या दिवसांत गोल नाही, किंचित लांबट आहे, आणि पावसाळ्यात मोजला तर बराचसा गोल भरेल, असा माझा अंदाज आहे.

२ मार्च २०२५, रविवार

दुसरा पोळपाट. फळीतून एकच गोल निघेल एवढा तुकडा उरला होता. या वेळी २७५ मिलिमीटर व्यास घेतला. हवा आता कोरडी आहे, म्हणून हा पोळपाट यापुढे आकसणार कमी आणि पावसाळ्यात फुगणार जास्त. फुगण्याला आडकाठी करणारे काहीही त्याच्या पोटाला लावायचे नाही. पीळ पाहण्यासाठी दोन्ही कडांवर दोन सरळ पट्ट्या समांतर ठेवून डोळा त्यांच्या पातळीत नेला; एक कोपरा केसभर उंच होता, तो रंध्याने उतरवला.

पाय त्याच सागवानाचे केले : ४५ मिलिमीटर व्यास, १८ मिलिमीटर उंची. पायांच्या रेषा फळीच्या रेषांशी समांतर ठेवल्या, म्हणजे जोडावरही दोन्ही लाकडे एकाच दिशेने हलतील. प्रत्येक पायाला मध्ये एक लाकडी खुंटी आणि पाण्याला टिकणारा डिंक. सागवानाच्या अंगचे तेल डिंक धरू देत नाही, म्हणून जोडाची जागा आधी ताजी रंधून त्याच तासात डिंक लावला.

१६ मार्च २०२५, रविवार

पाय पक्के बसले. फरशीवर, ओट्यावर, अंगणातील दगडावर ठेवून पाहिला. कुठेही डुगडुगत नाही. पोळपाट धुताना दोन्ही बाजू ओल्या करायच्या आणि उभा करून वाळवायचा, असे घरात सर्वांना सांगितले आहे, कारण एकच बाजू भिजली की ती फुगते आणि फळीला बाक येतो.

२० एप्रिल २०२५, रविवार

यंदाची चटणी काल डंकावरून कुटून आणली. बरणीसाठी उरलेल्या सागवानाचा चमचा केला असून त्याला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर आठवडाभर उन्हात, असे महिन्यापासून दिले आहेत. चमचा बरणीत घालण्यापूर्वी वजन करून पाहिला. सलग तीन दिवस तो २३ ग्रॅमच भरला. त्यात ओल राहिली असती तर वर्षाची चटणी बुरशीने गेली असती.

दुसऱ्या पोळपाटाची मापे : उभा २७५.०, आडवा २७४.६. तडा नाही. आडवे माप आता जुलैत घ्यायचे आहे. तडकलेल्या पोळपाटाच्या पट्ट्या आज काढल्या. शेवटचा स्क्रू सैल होताच तडा काठाशी दीड मिलिमीटरवरून अर्ध्यावर आला. त्यातून पाय करण्याजोगे लाकूड निघेल. आत्यांच्या पोळपाटाचा मधला खोलगट भाग रंधून सपाट करण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. तो एक सूत पातळ होईल, पण पाय तेच राहतील.